हिरा वाढवायचाय

"आई, हिचा हिरा वाढवायचाय," असं मी फोनवर म्हणालो आणि पलीकडे एकदम शांतता. वाईच्या घरात रेंज येते-जाते, म्हणून मी दोनदा हॅलो हॅलो केलं. मग आईचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. "काय झालं रे? कुठे आपटला का?" मला काही कळेना. मग लख्ख कळलं. आईच्या घरात काही फुटत नाही आणि काही तुटत नाही. बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, नारळसुद्धा वाढवतात. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. पंचवीस वर्षं पुण्यात ऑफिसची भाषा बोलून माझ्या जिभेला हे सगळं विसरायला झालं होतं. मी घाईघाईनं म्हणालो, "अगं, तसं नाही. मोठा घ्यायचाय. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस ना." "मग मोठा म्हण. वाढवायचा म्हणू नकोस," आई म्हणाली आणि विषय पावसाकडे वळवला. वाढदिवसातली वाढ तिला चालते, हिऱ्यातली चालत नाही. मी हसून फोन ठेवला, पण तो शब्द काही जाईना.

कारण 'मोठा करायचाय' हेही खोटंच होतं. हिरा काही मोठा होत नाही. जुना उपटून काढायचा आणि त्या जागी दुसरा बसवायचा. दुकानात याला अपग्रेड म्हणतात, मोबाइलसारखं.

हा किडा माझ्या डोक्यात पंचवीस वर्षं होता. आमचा साखरपुडा डिसेंबर १९९९चा. तेव्हा मला हातात साडेसात हजार पगार होता आणि डोक्यात एकच गोष्ट, की अंगठी हिऱ्याचीच घ्यायची. आमच्याकडे ही रीत नव्हती. सोन्याची अंगठी, वर एखादं फूल, फार तर पोवळं. आई स्पष्ट म्हणाली होती, "हिऱ्याला मोड नाही. सोनं अडीनडीला मोडता येतं, हिरा घेऊन कुठे जाशील?" आणि वर, हिरा सगळ्यांना लाभतोच असं नाही, हेही होतंच. मी ऐकलं नाही. कंपनीतल्या एका मित्राचे मामा मुंबईत हिऱ्याची दलाली करायचे. एका शनिवारी सकाळच्या गाडीनं गेलो. तेव्हा हिऱ्यांचा बाजार ऑपेरा हाऊसलाच होता, वांद्रे-कुर्ला संकुलात जायला अजून दहा-अकरा वर्षं होती. पंचरत्न बिल्डिंगच्या खाली फुटपाथवर माणसं घोळक्यानं उभी. पांढरे शर्ट, खिशात पेन, आणि हातात औषधाच्या पुडीसारख्या कागदी पुड्या. पुडी उघडली की आत आणखी एक पातळ निळसर कागद, आणि त्यावर साखर सांडावी तसे हिरे. बाजूला वडापाव तळला जात होता, त्याचा वास आजही हिरा म्हटलं की माझ्या नाकात येतो. मामांनी चिमट्यानं एक उचलला, उजेडाकडे धरला, गुजरातीत कुणाशी तरी दोन वाक्यं बोलले आणि मला म्हणाले, "तुमच्या बजेटमध्ये हा बसतो. अकरा सेंट."

कॅरटचे शंभर सेंट, आणि कॅरट म्हणजे दोनशे मिलिग्रॅम. तेव्हा माझ्या प्रेमाचं वजन भरलं बावीस मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याएवढं.

पुण्यात परत येऊन रविवार पेठेतल्या एका बंगाली कारागिराकडून तो अंगठीत बसवून घेतला. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला साडेचार हजारांच्या आतबाहेर होतं. हिरा, सोनं, मजुरी सगळं धरून एक महिन्याचा पगार गेला. अंगठीवर किती महिन्यांचा पगार घालावा याचा हिशेब अमेरिकेतल्या जाहिरातवाल्यांनी फार पूर्वीच करून ठेवलाय, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच ठाऊक होतं, की महिनाभर मेसच्या डब्यातली पोळी रात्रीही खायची आहे. साखरपुड्याच्या दिवशी मी अंगठी घातली, टाळ्या झाल्या, पेढे फिरले. मग हिच्या एका आत्यांनी हिचा हात आपल्या हातात घेतला, चष्मा वर केला, आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, "छान आहे हो. अमेरिकन डायमंड ना?"

त्या बिचाऱ्या वाईट बोलल्या नव्हत्या. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "नाही, खरा आहे," असं म्हणणं जास्त लाजिरवाणं होतं, म्हणून मी हसलो. तो हसलेला चेहरा साखरपुड्याच्या एका फोटोत आलाय. अल्बममधलं ते पान मी नेहमी दोन बोटांनी पटकन उलटतो.

लग्नानंतर अंगठीनं बोट सोडलं नाही. हिनं ती पोळ्या लाटताना काढली नाही, भांडी घासताना काढली नाही, केसांना तेल लावताना तर नाहीच. महिन्याभरात हिरा असा मिणमिणता व्हायचा की आत्यांचा प्रश्न मलाच पडावा. याचं कारण मोठं गमतीचं आहे. हिऱ्याला पाण्याचं वावडं आणि तेला-तुपाची ओढ. किंबर्लीच्या खाणीत याचाच उपयोग करायचे. तिरक्या टेबलावर ग्रीस फासायचं आणि वरून खडी मिसळलेलं पाणी सोडायचं. बाकीचे दगड वाहून जायचे, हिरे तेवढे ग्रीसला चिकटून राहायचे. आमच्या स्वयंपाकघरात तोच प्रयोग उलट्या दिशेनं चालू असायचा. कणिक, साय, फोडणीची वाफ, सगळं त्या बावीस मिलिग्रॅमवर येऊन बसायचं. दर लक्ष्मीपूजनाला ही वाटीत कोमट पाणी घ्यायची, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकायची आणि जुन्या टूथब्रशनं नखांच्या खालून घासायची. नखं म्हणजे हिरा धरून ठेवणारे सोन्याचे चार काटे. मग हात ट्यूबलाइटखाली धरून मला दाखवायची. "बघ, जागा झाला."

मुलीच्या वेळी नवव्या महिन्यात हिची बोटं सुजली, तेव्हा हॉस्पिटलमधली सिस्टर म्हणाली, अंगठी कापावी लागेल. आई वाईहून आलेली होती. तिनं पिशवीतून दोरा काढला, अंगठीच्या खालून सुईनं ओवला, वरच्या बोटाला घट्ट गुंडाळला आणि खालचं टोक हळूहळू उलगडत अंगठी वर चढवली. दहा मिनिटं लागली. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण अंगठी अख्खी निघाली. आईनं ती स्वतःच्या मंगळसूत्रात ओवून ठेवली आणि बाराव्या दिवशी परत दिली. ज्या हिऱ्याला मोड नाही म्हणून ती नाक मुरडत होती, तोच.

आणि मोड नाही, हे खरंच होतं. २००९मध्ये मंदीच्या लाटेत माझी नोकरी गेली. सात महिने घरी होतो. पाटल्या गेल्या बँकेत तारण, मग गोठ गेले, शेवटी माझी मुंजीतली साखळी मोडली. एका संध्याकाळी ही अंगठी काढून टेबलावर ठेवत म्हणाली, हीही बघ. मी तीन-चार दुकानं फिरलो. सोन्याचे पैसे मिळतील, खड्याचे नाहीत. बिल नाही, सर्टिफिकेट नाही, आणि एवढ्या लहान खड्याचं आम्ही काय करणार? तीन ग्रॅमसुद्धा सोनं नव्हतं. अंगठी परत आणली. घरातलं मोडण्यासारखं सगळं मोडलं आणि ही एकटी उरली, कारण तिला कुणी विचारत नव्हतं. १३ जुलै २०११ला ऑपेरा हाऊसला स्फोट झाला, त्या संध्याकाळी टीव्हीवर ती गल्ली पाहून मी उभाच राहिलो. पांढरे शर्ट तेच होते. ही माझ्या शेजारी बसली होती, आणि माझ्या लक्षात आलं की ही न बघता अंगठ्यानं ती अंगठी बोटाभोवती फिरवतेय.

हे सगळं ठाऊक असूनही मला तो हिरा बदलायचा होता. माणूस कसा असतो पाहा.

मे २०२५मध्ये लक्ष्मी रोडवरच्या एका पेढीत गेलो. सोनं तेव्हा नुकतंच दहा ग्रॅमला लाखाला हात लावून थोडं खाली आलं होतं, त्यामुळे सोन्याच्या काउंटरवर माणसं फक्त भाव विचारून जात होती आणि हिऱ्यांच्या काउंटरवरच्या मुलीला बोलायला भरपूर वेळ होता. तिनं पाणी दिलं, काळ्या मखमलीचा ट्रे मांडला आणि पहिलाच प्रश्न केला, "सर, नॅचरल की लॅबग्रोन?" मग तिनं समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. दोन्ही कार्बनच. एक जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर कोट्यवधी वर्षांपूर्वी तयार झाला, दुसरा सुरतेत काही आठवड्यांत. पंतप्रधानांनी २०२३मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा दिला तो लॅबमधलाच होता. त्या पैशात तुम्हाला अर्ध्याऐवजी चांगला दीड कॅरट येईल, वर कानातलेही होतील. ही मन लावून ऐकत होती. म्हणाली, "दोन्हीत फरक कसा कळतो?" "डोळ्यांना नाही कळत, मॅडम. मशीनला कळतो." "मग मशीननं घालावा," ही म्हणाली. ती मुलगी मनापासून हसली.

खरं सांगायचं तर मला त्या दीड कॅरटचा मोह झाला होता. आत्या आता नाहीत, पण त्यांचा चष्मा मला दिसत होता. तो चष्मा असता तर दीड कॅरटवर थांबला असता, आणि खाणीतला की लॅबमधला हे काही त्याला कळलं नसतं. पण ज्याची लाज वाटली तो खरा होता आणि ज्यानं लाज झाकायची तो लॅबमधला, हे मनाला पटेना. शेवटी बावन्न सेंटचा खाणीतला ठरला. वजन जवळजवळ पाचपट, पण वरून बघितलं तर रुंदी तीन मिलिमीटरची पाच झालेली. दुपटीलाही कमी. पैशांना मात्र असली भूमिती लागू नसते.

मग जुनी अंगठी काढायची वेळ आली. साबण लावून काढली, तर खाली बोटाला पांढरट वळ. कोपऱ्यात पेढीचे वयस्कर मालक बसले होते, त्यांनी स्वतः लूप, म्हणजे खडे तपासायचं छोटं भिंग, डोळ्याला लावला. "कडेला टवका गेलाय," म्हणाले. मी म्हटलं, हिरा म्हणजे ऐरणीवर घण घातला तरी फुटत नाही ना? ते म्हणाले, "तसं करून बघू नका हो. ओरखडा नाही येणार, पण नेमका बसला घाव तर दोन तुकडे होतील." पूर्वी मशीन नव्हतं तेव्हा आम्ही तोंडाची वाफ टाकून बघायचो, असंही त्यांनी सांगितलं. काचेवर वाफ रेंगाळते, हिऱ्यावरून पापणी लवायच्या आत जाते. मग लूप हिच्याकडे दिला. ही कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. "आत काहीतरी आहे. तिळासारखं काळं. हे कधी झालं?" "ते जन्मापासूनच आहे, ताई." ही माझ्याकडे वळली. पंचवीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूत तीळ आहे, हे हिला तेव्हा कळत होतं. मलाही.

हिनं विचारलं, "आमचंच सोनं आटवून नव्या अंगठीला वापराल का?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, तसं आता होत नाही, जुनं सोनं लॉटमध्ये जातं, घट वजा करून पैसे वळते होतात, नवीन हॉलमार्कची येईल, सातशे पन्नासची, आत सहा अक्षरी नंबरही असेल. ही "बरं" म्हणाली. ते 'बरं' मला नीट ओळखता येतं. आणि जुना हिरा? बाहेरचा आम्ही घेत नाही, सर. कारागिरानं चिमट्यानं चारी नखं उघडली, तो मखमलीवर पडला, आणि मुलीनं तो एका कागदात घालून तशीच पुडी केली. वर पेनानं लिहिलं ०.११. ऑपेरा हाऊसहून जसा आला होता, तसाच तो परत पुडीत.

मला उगाच आपल्या नाशिकच्या हिऱ्याची आठवण झाली. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणतात तो, १८१८मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. गेला तेव्हा नव्वद कॅरटच्या आसपास होता. तिकडे त्याला चांगला करता करता शेवटी १९४०मध्ये न्यूयॉर्कला जो पैलू पाडला त्यात उरला त्रेचाळीस. कोहिनूरचंही तेच. १८५२मध्ये लंडनला एकशे शहाऐंशीचा एकशे पाचवर आणला, का, तर चमकत नाही म्हणून. मोठ्या लोकांचे हिरे सुधारताना वाढतात, म्हणजे आईच्या अर्थानं वाढतात. आमचा निदान एक टवका सोडला तर अख्खा होता.

रिक्षात ही बराच वेळ गप्प होती. अंगठा सवयीनं बोटाकडे जायचा, तिथं काही नसायचं, परत यायचा. अलका चौकाच्या सिग्नलला मी धीर करून विचारलं, "तुला आठवतं, साखरपुड्यात तुझ्या आत्या काय म्हणाल्या होत्या?" "कोणत्या आत्या?" "अंगठी बघून." ही आठवत राहिली. "त्या दिवशी मला ब्लाउज इतका घट्ट झाला होता, मला दुसरं काही आठवतच नाही. का, काय म्हणाल्या?" मी म्हटलं, काही नाही.

सिग्नल सुटला.

आठ दिवसांनी नवी अंगठी आली. सुंदर आहे, यात वादच नाही. वाढदिवसाला मुलीनं केक आणला, व्हिडिओ काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर पस्तीस अंगठे आले. आईनं व्हिडिओ कॉलवर हात जवळ धरायला लावला आणि म्हणाली, "मोठा आहे." समाधानाचा सूर होता का नव्हता, सांगता येत नाही. मला स्वतःला जे वाटायला हवं होतं ते वाटलं, पण दोन दिवसच. कारण तिसऱ्या दिवशी सकाळी कणिक मळायच्या आधी हिनं अंगठी काढून खिडकीत वाटीत ठेवली. मग वाटी नको म्हणून कपाटात. मग बँकेच्या कामाला जाताना घालते, लग्नाकार्याला घालते. मी एकदा बोललो, तर म्हणाली, "एवढ्या महागाची कणकेत घालू का?" वळ हळूहळू बुजला. आता बोट बाकीच्या बोटांसारखंच दिसतं.

सप्टेंबरात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "जुना कुठे ठेवलास?" कपाटात, म्हटलं, डब्यात. "बघितलास का मध्ये?" कशाला बघायचा? "बघावं अधूनमधून," एवढंच म्हणाली. रात्री सगळं आवरल्यावर मी तो डबा काढला. स्टीलचा, चपटा, झाकण घट्ट. आत मुलीचे दुधाचे दात, हॉस्पिटलची प्लॅस्टिकची पट्टी, अंगाऱ्याची पुडी आणि ही दुसरी पुडी. अशा पुडीची घडी उलगडण्याची एक पद्धत असते, ऑपेरा हाऊसचे लोक एका हातानं करतात. मी दोन्ही हातांनी केली. कागद टणकन सुटला आणि काहीतरी उडून फरशीवर गेलं. आवाजसुद्धा आला नाही.

आमचा फ्लॅट जुना, फरशी मोझॅकची. पांढऱ्या, करड्या, काळ्या चिपांची. त्यात तीन मिलिमीटरचा खडा शोधायचा. मी मोबाइलची बॅटरी लावून पालथा पडलो, तर फरशीची प्रत्येक चीप चमकायला लागली. माझ्या धडपडीच्या आवाजानं ही उठून आली. "काय सांडलंस?" मी सांगितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ही काहीच बोलली नाही. "हलू नकोस आहेस तिथून," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. सकाळच्या डब्यासाठी मळून ठेवलेल्या कणकेतला लिंबाएवढा गोळा घेऊन आली, साडीचा काचा मारल्यासारखा गाऊन गुडघ्यात खोचला आणि फरशी टिपायला लागली. ग्लास फुटला की काचा टिपतात तसं. कपाटाच्या पायापासून सुरू करून, ओळीनं, एक लादी झाली की दुसरी. मी बॅटरी धरून तिच्या मागे सरकत होतो. रात्रीचे पावणेबारा झाले होते. मध्येच ही म्हणाली, "ग्लासच फुटला असता तर बरं होतं." मग म्हणाली, "फुटला नाही म्हणायचं. नाही तर आई रागावतील."

पलंगाखालून हात बाहेर आला तेव्हा गोळा करडा झाला होता. ट्यूबलाइटखाली नेऊन बघितलं, तर त्यात तीन ठिकाणी चमकत होतं. हिनं चहाच्या गाळण्यात गोळा धरून नळाखाली चिवडला. कणिक पांढरी होऊन वाहून गेली. जाळीवर तीन कण राहिले. मी वाकून बघितलं. एक जरा चपटा वाटला, गणपतीच्या मखराचा असावा. उरलेल्या दोनांतला कुठला, हे मला सांगता येईना. पंचवीस वर्षं मी ज्याची लाज बाळगली, तो मला ओळखू येत नव्हता. ही गाळणं तोंडाजवळ घेऊन वाफ टाकायला लागली, एकावर, मग दुसऱ्यावर. मग करंगळी ओली करून एक टिपून घेतला.

"हा."

"नक्की?"

हिनं उत्तर दिलं नाही. करंगळी तशीच उभी धरून दुसऱ्या हातानं टूथब्रश शोधत होती.